तागाच्या शीटचे ३२ मेगापास्कल

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत वडिलांचे फायबरग्लासचे छोटे वर्कशॉप आहे. टाक्यांची झाकणे, कूलरच्या बॉडी, खुर्च्यांच्या बैठका करतो. पावसाळ्यात काचेच्या तंतूंच्या मॅटऐवजी ताग वापरून पाहिला. गोणपाटाचे तीन थर, साधे पोलिएस्टर रेझिन (घट्ट होणारे द्रव प्लॅस्टिक) आणि हाताने रोलर मारून ३० सेंमी चौरसाची, ४ मिमी जाडीची शीट केली. वजन ४१४ ग्रॅम भरले, रेझिन तागाच्या साडेचार पट लागले. ताणून पाहिली तर ३२ मेगापास्कलला, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३२ न्यूटन ओढीला, तुटली. नुसते रेझिन ५५ देते आणि पुस्तकात तागाची ताकद ४००च्या वर आहे. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली तर काचेच्या जवळ जाता येईल का? पादरा-करजणकडे केळीचे खोड फुकट मिळते, ते तागापेक्षा बरे का? आणि मेट्रोच्या डब्यांसाठी आतली पॅनेले करून देता येतील का?

उत्तर:

कॉस्टिकने काचेच्या जवळ जाता येणार नाही. पण तुम्ही वजन आणि रेझिनचे प्रमाण लिहून पाठवलेत हे फार बरे केलेत. बहुतेक लोक नुसता ताकदीचा आकडा पाठवतात आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. तुमच्या आकड्यांवरून ताकद कुठे गेली ते बऱ्यापैकी मोजता येते.

आधी कागदावर किती यायला हवी होती ते पाहू. रेझिन साडेचार पट म्हणजे शीटमध्ये वजनाने सुमारे १८ टक्के ताग. तागाची घनता १.४५ आणि रेझिनची १.२ धरली तर आकारमानाने ताग १५ टक्केच निघतो. गोणपाट उभा-आडवा विणलेला असतो, त्यामुळे ज्या दिशेने तुम्ही ओढता त्या दिशेला त्यातला निम्माच ताग कामाला येतो, म्हणजे साडेसात टक्के. पुस्तकातले ४०० सुट्या, सरळ तंतूचे आहेत. पीळ दिलेल्या सुतात ३०० धरणेही उदारपणाचे आहे. साडेसात टक्के गुणिले ३०० म्हणजे तागाचा वाटा सुमारे २२. ताग दीड टक्का ताणला की तुटतो. तेवढ्या ताणाला ३ गिगापास्कल (३००० मेगापास्कल) मॉड्युलसच्या, म्हणजे तेवढ्या ताठपणाच्या, रेझिनमध्ये ४५ मेगापास्कल असतात. शीटमध्ये रेझिन ८५ टक्के, म्हणून त्याचा वाटा ३८. दोन्ही मिळून ६०.

म्हणजे सगळे निर्दोष झाले असते तरी नुसत्या रेझिनच्या ५५ वर तुम्हाला पाचच मिळणार होते. हे आधी पचवायला हवे. १५ टक्के विणलेला ताग घालून ताकद वाढत नाही, शीट फार तर थोडी ताठ होते. शिवाय ज्या दिशेने ओढता तिला आडवी गेलेली सुते त्या दिशेत काहीच पेलत नाहीत. उलट रेझिनपासून सुटून ती आयत्या भेगा होतात. तंतू फार कमी घातले तर मिश्रण मूळ रेझिनहून कमजोर होते, हे या विषयातले अगदी जुने गणित आहे. पहिल्या प्रयोगात जवळजवळ प्रत्येक जण त्यात सापडतो.

आता ६० आणि ३२ यांच्यातल्या फरकाकडे येऊ.

३० बाय ३० सेंमी आणि ४ मिमी जाडी म्हणजे ३६० घन सेंमी. वजन ४१४, म्हणून घनता १.१५. तुमच्या प्रमाणात ती १.२४ यायला हवी होती. याचा अर्थ शीटमध्ये सुमारे ७ टक्के हवा आहे. तागाच्या तंतूच्या आत स्वतःची पोकळ नळी असते आणि तिच्यात रेझिन शिरत नाही. ती सूट दिली तरी हवा ५ टक्क्यांच्या वर राहते. नीट रोलर मारलेल्या काचेच्या मॅटच्या शीटमध्ये याच्या निम्मीही नसावी. काचेच्या शीटमध्ये आपण तुकडा भट्टीत जाळून उरलेली काच तोलतो आणि हिशेब लावतो. इथे ती युक्ती चालत नाही, कारण तागही जळून जातो. म्हणून शीट करतानाच कोरडा ताग आणि लागलेले रेझिन तोलून ठेवायची सवय लावा. नंतर ते कोणी मोजून देऊ शकत नाही.

ही हवा येते कुठून? पहिले कारण पाणी. ताग हा कोरडा पदार्थ नाही. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो आपल्या वजनाच्या १२-१३ टक्के पाणी धरून बसतो आणि ऑगस्टमध्ये बडोद्याची हवा त्याहून दमट असते. तुमच्या शीटमध्ये ताग साधारण ७४ ग्रॅम होता. म्हणजे त्यात १० ग्रॅमच्या आसपास पाणी होते. रेझिन ३४० ग्रॅम, त्यात एक ते दोन टक्के कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारे रसायन) म्हणजे ३ ते ७ ग्रॅम. कॅटॅलिस्टपेक्षा जास्त पाणी तुम्ही मिश्रणात घातलेत, फक्त ते दिसले नाही. हे पाणी रेझिन पक्के होण्यात अडथळा आणते, तंतूला चिकटू देत नाही आणि शीट तापली की बुडबुडे करते. हेच काम मे महिन्यात केले असतेत तर आकडा वेगळा आला असता आणि श्रेय तुम्ही बहुधा दुसऱ्याच कशाला दिले असते.

उपाय साधा आहे. गोणपाट ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास ठेवा आणि दोनदा तोलून वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवा. मग गरम असतानाच कामाला घ्या. सकाळी वाळवून दुपारी वापरणे म्हणजे न वाळवणेच. तासाभरात तो बरेचसे पाणी हवेतून परत ओढतो. लगेच वापरायचा नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून ठेवा.

दुसरे कारण तेल, आणि हे बहुतेक शोधनिबंधांतही सापडत नाही. तागाच्या गिरणीत तंतू मऊ व्हावेत म्हणून सूत कातण्याआधी त्यावर खनिज तेलाचे पाण्यातले मिश्रण मारतात. बाजारातल्या गोणपाटाला येणारा रॉकेलसारखा वास त्याचाच असतो. त्या तेलकट पृष्ठावर रेझिन चिकटावे अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. गरम पाण्यात थोडा सोडा आणि डिटर्जंट घालून गोणपाट धुवा, भरपूर पाण्याने खळबळा, मग वाळवा. कॉस्टिकच्या आधी हे करून पाहा. कॉस्टिकचा म्हणून जो फायदा निबंधांत छापून येतो, त्यातला काही भाग नुसत्या धुण्याचा असावा असा माझा जुना संशय आहे.

तिसरे कारण पीळ. गोणपाटाचे सूत घट्ट पिळलेले असते, म्हणून त्याच्या गाभ्यात रेझिन पोहोचत नाही आणि तंतू ओढीच्या दिशेशी तिरके राहतात. शीट तुटली त्या ठिकाणचा तुकडा साध्या भिंगाखाली धरा. सुताच्या मधोमध कोरडे, तपकिरी, मोकळे तंतू दिसले तर समजा की रेझिन आत गेलेच नाही. गुळगुळीत, स्वच्छ तंतू लांबपर्यंत बाहेर उपसलेले असतील आणि समोरच्या बाजूला त्यांची रिकामी भोके असतील तर चिकटण्यात खोट आहे. तंतू पृष्ठाशीच तुटलेले असतील तर चिकटणे चांगले आहे आणि ताकद वाढवायला तंतूच जास्त हवेत. हे भिंग विकत घ्यायला फार पैसे लागत नाहीत आणि प्रयोगशाळेच्या अहवालातल्या दोन दशांश स्थळांपेक्षा ते जास्त सांगते.

सुताचा पीळ नीट मोजून हवा असेल तर कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या विद्यापीठाच्या तंत्र-अभियांत्रिकी शाखेत, जा. १८९०मध्ये सयाजीरावांनी ते काढले तेव्हा तिथल्या विषयांत विणकाम आणि रंगकाम होतेच, आणि आजही तिथे विद्यापीठाचा टेक्स्टाइल विभाग आणि धातू-पदार्थशास्त्राचा विभाग एकाच आवारात आहेत. तागाच्या कंपोझिटला, म्हणजे तंतू आणि रेझिनच्या अशा मिश्रणाला, या दोन्हींची गरज असते. आमच्याकडचे लोक यातले एकच दार ठोठावतात आणि अर्धे उत्तर घेऊन येतात.

आता कॉस्टिक. रीत अशी: पाच टक्क्यांच्या आसपासचे द्रावण, खोलीच्या तापमानाला दोन ते चार तास, नंतर सौम्य ॲसेटिक ॲसिडच्या पाण्याने उदासीन करून भरपूर धुणे. तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारे हेमीसेल्युलोज आणि थोडे लिग्निन त्यात विरघळते, जाड तंतू बारीक तंतूंत उलगडतो, पृष्ठ खडबडीत होते आणि रेझिनला धरायला जागा मिळते. इतपत खरे आहे. पण ताग मोकळा सोडून बुडवला तर तो आकसतो आणि आकसलेला तंतू कमी ताठ असतो. चौकटीवर ताणून धरून बुडवला तर फळ चांगले येते. द्रावण तीव्र केले किंवा रात्रभर तसेच ठेवले तर सेल्युलोजही मार खाते. शिवाय त्या काळ्या पाण्याचे काय करणार? छोट्या वर्कशॉपच्या गटारात ते सोडता येत नाही, आणि त्याची विल्हेवाट हिशेबात धरली की ताग स्वस्त राहत नाही. माझा क्रम विचाराल तर धुणे, वाळवणे, दाब देणे, आणि एवढे करून भिंगाखाली तंतू स्वच्छ उपसलेले दिसले तरच कॉस्टिक.

दाब यात सर्वांत महत्त्वाचा. ताग स्प्रिंगसारखा फुगून राहतो. हाताने रोलर मारून तो १५ ते २० टक्क्यांच्या वर बसत नाही आणि मधल्या सगळ्या जागा रेझिन पितात. काचेच्या मॅटला रेझिन सव्वादोन-अडीच पट लागते, तुम्हाला साडेचार पट लागले. मॅटवर वाचवलेले पैसे रेझिनवर गेले, हे कदाचित तुमच्या लक्षातही आले असेल. साधा हायड्रॉलिक प्रेस आणि दोन जाड प्लेटा मिळाल्या तर तंतू ३५ टक्क्यांपर्यंत नेता येतात. विणलेल्या गोणपाटाऐवजी गिरणीतून कमी पिळाचा किंवा बिनपिळाचा पेळू (न कातलेल्या तंतूंची लड) आणून एका दिशेने मांडला तर कागदावरचा हिशेब १३० च्या आसपास जातो. प्रत्यक्षात १००च्या जवळ आलात तरी मी शाबासकी देईन. अर्थात ती ताकद एकाच दिशेला असेल, आडवी ओढली तर शीट रेझिनच्याही खाली तुटेल.

याच हिशेबात केळीचा प्रश्न बसतो. केळीच्या सोपटातल्या तंतूचे छापील आकडे तागाच्या बरोबरीचे, कधी वरचेही असतात. मात्र त्यांतली तफावत पाहा. एकाच खोडाच्या बाहेरच्या आणि आतल्या थरांतला तंतू सारखा नसतो. दुसरे असे की एकेक तंतू ओढून काढलेला आकडा तो किती लांबीचा ओढला यावर ठरतो. आखूड तुकड्यात दोष कमी सापडतात म्हणून तो जास्त ताकद दाखवतो. तंतू गोल धरून व्यास मोजतात, तो गोल नसतो. त्यामुळे कोणाच्या ५०० ची दुसऱ्या कोणाच्या ४०० शी तुलना करू नका. वनस्पतीचा तंतू किती ताठ हे मुख्यतः त्याच्या पेशीभिंतीत सेल्युलोजचे धागे अक्षाशी किती कोनात गुंडाळलेत त्यावर ठरते. तागात हा कोन ८ अंशांच्या आसपास, केळीत ११ च्या आसपास, म्हणजे दोघे भाऊभाऊच. काथ्यात तो ३० ते ४९ अंश असतो, म्हणून काथ्या १५ टक्क्यांहून जास्त ताणला जातो पण ताठ नसतो. पोलिएस्टर दोन टक्क्यांना तुटते तेव्हा काथ्याने जेमतेम भार घ्यायला सुरुवात केलेली असते. कोणी काथ्या सुचवलाच तर गादीसाठी घ्या.

केळीची खरी अडचण वेगळीच आहे. खोड फुकट मिळते, तंतू फुकट मिळत नाही. खोडात बहुतांश पाणी असते, ते वाहून आणायचे, यंत्रावर त्याच दिवशी खरवडायचे, धुवायचे, वाळवायचे. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडापासून तंतू आणि इतर पदार्थ काढण्यावर चांगले काम केले आहे, तिकडे एक फेरी मारा. पण दर महिन्याला सारख्या प्रतीचा माल कोण देईल याचे उत्तर मिळेपर्यंत तुमचा धंदा तागावरच उभा करा. तागाला निदान प्रती ठरलेल्या आहेत आणि बाजार आहे.

आता मुख्य गोष्ट. ताकदीत काचेशी स्पर्धा करूच नका. काचेचा तंतू दोन हजार मेगापास्कलच्या वर जातो, तिथे ताग पोहोचणार नाही. आघाताच्या चाचणीत तर काच फारच पुढे असते. तागाची बाजू ताठपणाची आहे, तीही वजनाच्या हिशेबात. सपाट पॅनेल वाकण्याला किती विरोध करते हे मॉड्युलस गुणिले जाडीचा घन यावर ठरते. काचेच्या मॅटची शीट साधारण साडेसात गिगापास्कल, घनता १.५. दाबून केलेली तागाची शीट ५ गिगापास्कल, घनता १.२५. तेवढाच ताठपणा हवा तर तागाची जाडी १४-१५ टक्के वाढवावी लागते, पण वजन उलट काचेपेक्षा चार-पाच टक्के कमी येते. आणि तुमच्या मालात किती वस्तू ताणून तुटल्यामुळे परत येतात ते आठवा. कूलरची बाजू, दाराचे पॅनेल, खुर्चीची पाठ, कपाटाचे दार, यांची तक्रार लचकण्याची असते. गाड्यांच्या दारांच्या आतल्या पॅनेलांत जर्मन कंपन्यांनी जवस, घायपात वगैरे तंतू १९९०च्या दशकात घातले ते याच कारणाने. तिथे भार फारसा नसतो, वजन मोजले जाते आणि पाऊस लागत नाही.

खुर्चीच्या बैठकेसाठी मात्र मी नुसता ताग देणार नाही. तिथे दोन्ही बाहेरच्या अंगांना काच आणि मध्ये ताग, अशी मांडणी करा. ५ मिमी जाडीत वर-खाली १-१ मिमी काचेची मॅट आणि मध्ये ३ मिमी ताग घेतला तर वाकण्याच्या ताठपणात बाहेरच्या दोन मिलिमीटरचा भौमितिक वाटा ७८ टक्के असतो, कारण मधला भाग वाकताना फारसा ताणलाच जात नाही. वरचे मॉड्युलस घालून हिशेब केला तर ही शीट संपूर्ण काचेच्या शीटच्या ९३ टक्के ताठ निघते आणि वजनाने १० टक्के हलकी (तो आकडा दाबलेल्या तागाचा आहे, हाताने बसवलेल्या तागात ताठपणा थोडा खाली येईल). जाडीच्या साठ टक्क्यांत ताग बसला आणि ग्राहकाच्या हाताला फरक कळणार नाही. शिवाय काचेची कातडी पाणी अडवते. तुमच्या वर्कशॉपला आज, प्रेस न घेता, करता येण्यासारखी हीच मांडणी आहे.

पाण्याविषयी एवढेच की ताग भिजला की व्यासात वीसेक टक्के फुगतो, रेझिनला आतून फोडतो, आणि सुकला की आकसून फट ठेवतो. असे दोन-चार पावसाळे झाले की चिकटण्याचे सगळे काम वाया. पाणी वरच्या जेलकोटमधून (रेझिनच्या गुळगुळीत बाहेरच्या थरातून) कमी आणि कापलेल्या कडांतून व स्क्रूच्या भोकांतून जास्त शिरते. कडा आणि भोके कापल्यानंतर रेझिनने बंद करा, आधी नाही. टाकीचे झाकण सध्या काचेचेच राहू द्या. खालच्या मजल्यावरच्या दारांची ऑर्डर आली तर २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते ग्राहकाला विचारा आणि मग ठरवा.

पुढच्या चाचणीसाठी काही सूचना. तुकडे कमीत कमी पाच द्या आणि सर्वांचे आकडे मागा, नुसती सरासरी नको. नैसर्गिक तंतूत आकड्यांतल्या तफावतीवरूनच दर्जा कळतो. मॉड्युलस हवे असेल तर तुकड्यावर एक्स्टेन्सोमीटर (तुकडा किती ताणला ते मोजणारे उपकरण) लावायला सांगा. यंत्राच्या जबड्यांच्या हालचालीवरून काढलेले मॉड्युलस पकड घसरल्यामुळे खोटे कमी येते. ते ०.०५ ते ०.२५ टक्के ताणाच्या पट्ट्यात काढायला सांगा, आयएसओ ५२७ हे चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक तसेच सांगते. या शीटचा आलेख त्यापुढे वाकतो, आणि पट्टा बदलला की आकडा बदलतो. वाकवून काढलेली ताकद ओढून काढलेल्या ताकदीपेक्षा बहुतेकदा जास्त येते. कोणी तागाची वाकवलेली ताकद काचेच्या ओढलेल्या ताकदीशेजारी मांडून बरोबरी झाली म्हणत असेल तर तो कागद बाजूला ठेवा. तुकडे चाचणीपूर्वी किती आर्द्रतेत ठेवले होते हे अहवालात लिहून घ्या, नाहीतर मेचा आणि ऑगस्टचा अहवाल तुम्ही कधीच जुळवू शकणार नाही.

राहिले मेट्रोचे डबे. मेट्रोचे डबे बनवणारा सावली गावचा कारखाना जवळ असल्यामुळे हा प्रश्न बडोद्यात मला अधूनमधून येतो. रेल्वेच्या आतल्या पॅनेलांना आधी आग, धूर आणि विषारी वायू यांची परीक्षा असते, युरोपीय मानक ईएन ४५५४५ त्यासाठीच आहे. ताकदीचा आकडा त्यानंतर पाहतात. साधे पोलिएस्टर आणि ताग, दोघेही जळतात. ज्वाला रोखायला रेझिनमध्ये ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेटची पूड भरपूर घालावी लागते. तिने रेझिन इतके दाट होते की आधीच न भिजणाऱ्या सुतात ते आणखी कमी शिरते, हवा वाढते आणि आपण पुन्हा तुमच्या ३२ मेगापास्कलवर येतो. ती ऑर्डर धरायची असेल तर फिनॉलिक रेझिन आणि प्रेस लागेल. तोवर त्यांना दर कळवू नका.